युरोपभरच्या ऑनलाइन दुकानांतून स्वस्तात व्हिडिओ गेम: शोध कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबायचं

जर्मन दुकानात ५५ युरोला दिसलेला गेम डब्लिनमधल्या घरी येईपर्यंत ६५ युरोला पडतो. मग ‘बाहेरून मागवण्यात काही राम नाही’ असं म्हणून माणूस तो नाद सोडतो. राम आहे, पण क्रम चुकतो. बहुतेक जण आधी चार देशांची दुकानं उघडतात, सगळ्यात लहान आकडा धरतात आणि शेवटच्या पानावर पोस्टेज, कर आणि बँकेच्या कार्डाचं शुल्क दिसलं की वैतागतात. खरं तर दुकान उघडायचं काम चौथ्या टप्प्यावर येतं.

हा लेख युरोपीय संघातल्या देशांत शिकायला किंवा नोकरीला असलेल्या, डिस्क किंवा कार्डावरचे गेम घेणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडचा विषय वेगळा आहे, तो पाचव्या टप्प्यात येईल. पीसीवाल्यांसाठी शेवटी थोडकं लिहिलं आहे.

## टप्पा १: नेमकी कोणती आवृत्ती हवी ते ठरवा

‘तो नवा फुटबॉलचा गेम’ एवढ्यावर शोध घेऊ नका. चार गोष्टी कागदावर लिहा: कन्सोल, आवृत्ती, भाषा आणि डब्यात नेमकं काय हवं.

कन्सोलपासून सुरुवात करा, कारण हसू येईल अशा चुका इथेच होतात. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क ड्राइव्ह नाही. प्लेस्टेशन ५ च्या, म्हणजे पीएस ५ च्या, डिजिटल आवृत्तीला आणि पीएस ५ प्रोला ती सोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. तुमच्याकडे ड्राइव्ह नसेल तर स्वस्त डिस्क शोधून उपयोग नाही.

मग डब्यात काय आहे ते पाहा. निन्टेन्डो स्विचच्या काही डब्यांत गेमचं कार्डच नसतं, फक्त कोड छापलेला कागद असतो. एकदा वापरला की तो कुणाला विकता येत नाही. स्विच २ बरोबर २०२५ मध्ये ‘गेम-की कार्ड’ हा तिसरा प्रकार आला. त्यात कार्ड असतं, पण गेम त्यावर नसतो, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड आत लागतं. हे कार्ड पुढे विकता येतं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली तशी पट्टी छापलेली असते. दुकानाच्या पानावरचा फोटो मोठा करून ती पट्टी वाचा, कारण वर्णनात हा उल्लेख बऱ्याचदा गाळलेला असतो.

भाषेची भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स वन व सिरीज एक्स आणि स्विच यांचे गेम युरोपभर कुठूनही घेतले तरी कन्सोलवर चालतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक गेममध्ये इंग्रजी असतेच. तरीही डिस्कवरचा भाषांचा संच देशानुसार बदलू शकतो. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर ती यादी वाचा, नाही मिळाला तर दुकानाला एका ओळीचा मेल टाका.

जर्मन डब्यावर युएसके या संस्थेचा वयाचा मोठा रंगीत चौकोन असतो: १२ साठी हिरवा, १६ साठी निळा, १८ साठी लाल. युरोपात इतरत्र पेगी या वयाच्या मानांकनाचं लहान चिन्ह दिसतं. खेळण्यात काही फरक पडत नाही, पण कपाटात डबे ओळीने लावणाऱ्यांना तो चौकोन खुपतो. बऱ्याच जर्मन डब्यांचं कव्हर उलटं करून लावता येतं आणि आतल्या बाजूला तो चौकोन नसतो.

सावधान: गेमची जोड-सामग्री, म्हणजे डीएलसी, पुढे विकत घ्यायची असेल तर डिस्कचा प्रदेश आणि तुमच्या ऑनलाइन खात्याचा प्रदेश जुळावा लागतो. पुण्यातल्या भाच्यासाठी डिस्क घेऊन जाणार असाल तर त्याचं खातं कोणत्या देशाचं आहे ते आधी विचारा. गिफ्ट कार्डाचंही तसंच आहे: जर्मनीचं प्लेस्टेशन कार्ड भारतातल्या खात्यावर चढत नाही.

## टप्पा २: घरचा भाव पक्का करा

तुम्ही राहता त्या देशात आज हा गेम घरपोच केवढ्याला मिळतो? हा आकडा हातात नसेल तर बाकीचे सगळे आकडे हवेत आहेत. दोन-तीन स्थानिक दुकानं पाहा, पोस्टेज मिळवा आणि सगळ्यात कमी आकडा लिहून ठेवा.

सोबत दुसरा आकडाही लिहा: किती वाचले तर बाहेरून मागवाल? परदेशातून आलेल्या पार्सलला वेळ लागतो, परत पाठवायचं झालं तर पोस्टेज खिशातून जातं. माझ्या मते एका ऑर्डरवर आठ-दहा युरो वाचत नसतील तर घराजवळच्या दुकानातून घ्यावं. दोन-तीन युरोंसाठी दोन आठवडे वाट पाहण्यात शहाणपण नाही.

## टप्पा ३: खाती, पत्ता आणि कार्ड आधी तयार ठेवा

चांगली ऑफर काही तासांत संपते. त्या वेळी पासवर्ड आठवत बसलात तर हातची जाते.

अॅमेझॉनच्या जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, नेदरलँड्स, पोलंड, स्वीडन वगैरे युरोपीय दुकानांत एकाच खात्याने आत जाता येतं. आयर्लंडचं स्वतंत्र दुकान मार्च २०२५ मध्ये सुरू झालं. बाकी दुकानांत प्रत्येकी वेगळं खातं लागतं. त्यातली कोणती तुमच्या पत्त्यावर पाठवतात ते आत्ताच तपासा.

इथे कायद्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार दुकानाला तुम्ही दुसऱ्या सदस्य देशाचे आहात म्हणून वस्तू विकायला नकार देता येत नाही, किंवा जबरदस्तीने दुसऱ्या देशाच्या साइटवर पाठवता येत नाही. पण ‘विकलंच पाहिजे’ याचा अर्थ ‘घरी आणून दिलंच पाहिजे’ असा होत नाही. फक्त जर्मनीत पार्सल पाठवणाऱ्या दुकानातून तुम्ही खरेदी करू शकता, पत्ता मात्र जर्मनीतला द्यावा लागतो. आखेनला राहणारा मित्र असेल आणि तुम्ही मास्ट्रिख्टला असाल तर हा अडथळा फार मोठा नाही.

कार्डाचा विचार इथेच करून टाका. भारतीय बँकेचं कार्ड युरोत वापरलं की परकीय चलनाचं शुल्क लागतं. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं आणि त्या शुल्कावर जीएसटी वेगळा. युरोपातल्या बँकेचं कार्ड असेल तर तेच वापरा. नेदरलँड्समध्ये आयडील, पोलंडमध्ये ब्लिक असे स्थानिक पर्याय आधी दिसतात, तुमच्याकडे ते नसतील तर दुकान साधं कार्ड किंवा पेपॅल घेतं का ते पाहून ठेवा.

तपासा: खातं उघडलं? पत्ता साठवला? कार्डाचा ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम फोनमध्ये आहे? भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये आणि ओटीपी त्यावर, हे फार जणांचं होतं.

## टप्पा ४: आता शोधा, पण बारकोडने

गेमच्या नावाने शोधलं की डिलक्स आवृत्ती, जुन्या कन्सोलची आवृत्ती, नुसता स्टीलचा डबा असं सगळं एकत्र येतं. डब्यावरच्या बारकोडखाली १३ आकडी क्रमांक असतो, तो ईएएन. दुकानाच्या पानावर तपशिलात तो बहुधा दिलेला असतो. तो नकलून तुलनेच्या साइटवर टाका, नेमकी तीच आवृत्ती समोर येईल. देशागणिक डबा वेगळा असेल तर क्रमांकही वेगळा असतो, म्हणून जर्मन आणि फ्रेंच असे दोन्ही क्रमांक टिपून ठेवा.

तुलनेच्या साइट प्रत्येक देशाच्या आपापल्या आहेत. जर्मनी आणि ऑस्ट्रियासाठी इडेआलो व गाइट्सहाल्स, नेदरलँड्ससाठी ट्वीकर्सचं प्राइसवॉच, स्वीडनसाठी प्रिसयाक्ट, पोलंडसाठी सेनेओ, इटलीसाठी त्रोवाप्रेत्सी. इडेआलोच्या फ्रान्स, इटली आणि स्पेनसाठी वेगळ्या साइट आहेत आणि त्यांवर दिसणारी दुकानंही वेगळी असतात. लोकांनी शोधून टाकलेल्या ऑफरसाठी जर्मनीत मायडील्झ, फ्रान्समध्ये डीलाब्ज, स्पेनमध्ये चोयोमेत्रो.

अॅमेझॉनसाठी एक सोपी युक्ती आहे. वस्तूच्या पानाच्या वेबपत्त्यात दहा अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो. त्या वेबपत्त्यात अॅमेझॉनच्या नावानंतर येणारा देशाचा भाग बदलला की बहुतेक वेळा तीच वस्तू दुसऱ्या देशाच्या दुकानात उघडते. भावाचा इतिहास पाहायला कीपा वापरा. त्यात अॅमेझॉनची स्वतःची किंमत, इतर विक्रेत्यांची नव्याची किंमत आणि जुन्याची किंमत अशा वेगळ्या रेषा दिसतात. त्या एकत्र वाचू नका. ‘मागच्या महिन्यात २० युरोला होता’ असं वाटतं, आणि ती रेषा वापरलेल्या डिस्कची निघते.

सावधान: खोडलेली किंमत आणि त्याखालची मोठी सूट पाहून भुलू नका. जर्मन दुकानं बऱ्याचदा कंपनीने सुचवलेली किंमत, म्हणजे यूव्हीपी, शेजारी दाखवतात. त्या किमतीला तो गेम कित्येक महिने कुणी विकलेला नसतो. मे २०२२ पासून दुकानाने भाव उतरवल्याचं जाहीर केलं की मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवणं युरोपीय संघात बंधनकारक आहे, आणि सवलतीची टक्केवारी त्याच किमतीवरून काढावी असं युरोपीय न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत ती ओळ असते, नजर तिकडे जाऊ द्या.

## टप्पा ५: घरपोच किंमत काढा

सगळा खेळ इथे आहे. घरपोच किंमत म्हणजे तुमच्या देशाच्या करासह वस्तूची किंमत, अधिक पोस्टेज, अधिक कार्डाचं शुल्क.

व्हॅट देशोदेशी वेगळा आहे: लक्झेंबर्ग १७ टक्के, जर्मनी १९, फ्रान्स २०, नेदरलँड्स आणि स्पेन २१, इटली २२, आयर्लंड आणि पोलंड २३, स्वीडन २५, हंगेरी २७. जुलै २०२१ पासूनच्या व्यवस्थेत देशाबाहेर पाठवलेल्या मालावर, ठरावीक उलाढालीच्या वर, पार्सल जिथे पोचतं त्या देशाचा दर लागतो. काही दुकानं दाखवलेली किंमत तशीच ठेवतात आणि फरक स्वतः सोसतात. अॅमेझॉन मात्र पत्ता निवडला की किंमत नव्याने मांडतं. म्हणून पानावर एक आकडा आणि चेकआउटला दुसरा दिसतो. त्यात फसवाफसवी काही नाही.

उदाहरण घेऊ. वाचक डब्लिनमध्ये आहे, घरचा भाव ६४.९९ युरो. जर्मन दुकानात तोच गेम ५४.९९ ला दिसतोय. वरवर पाहता दहा युरोंचा फायदा.

५४.९९ मधून १९ टक्के व्हॅट काढला की उरतात ४६.२१. त्यावर आयर्लंडचा २३ टक्के चढवला की ५६.८४. पोस्टेज ६ युरो धरू: ६२.८४. म्हणजे दहाचा फायदा दोनवर आला. आता हे पैसे साडेतीन टक्के शुल्काच्या भारतीय कार्डाने भरले तर आणखी २.२० युरो. एकूण ६५.०४. घराजवळच्या दुकानापेक्षा पाच सेंट महाग, शिवाय शुल्कावरचा जीएसटी राहिलाच.

हाच हिशेब दोन गेम एकत्र मागवून करा. समान किमतीचे दोन गेम म्हणजे ११३.६८, पोस्टेज ८ युरो धरलं तर १२१.६८. घरी दोन्ही मिळून १२९.९८ लागले असते. युरोपीय कार्ड असेल तर आठ युरो वाचले. एकट्या गेमसाठी परदेशी ऑर्डर क्वचितच परवडते, त्यामुळे शेजारच्या मित्राला काय हवंय ते विचारून मग कार्ट भरा.

उलट दिशेने व्हॅट तुमच्या बाजूनेही असतो. स्पेनमध्ये ५९.९९ ला असलेला गेम जर्मनीतल्या पत्त्यावर मागवला आणि दुकान कर नव्याने मोजत असेल तर तो ५९.०० ला पडतो. जास्त व्हॅटच्या देशातून कमी व्हॅटच्या देशात मागवणं केव्हाही बरं.

चलनाचं पाहा. स्वीडन, डेन्मार्क, पोलंड, चेकियाच्या दुकानांत किंमत त्यांच्या चलनात असते. चेकआउटला ‘तुमच्या चलनात भरा’ असा गोंडस पर्याय समोर येतो. तो नाकारा आणि दुकानाच्या चलनातच भरा, कारण त्या पर्यायातला दर दुकानाच्या किंवा पेमेंट कंपनीच्या सोयीचा असतो.

ब्रिटन २०२१ च्या सुरुवातीपासून युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर आहे. तिथल्या दुकानातून युरोपीय संघात मागवलं तर पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो. विक्रेता आयओएसएस या, आयातीवरचा व्हॅट आधीच गोळा करण्याच्या युरोपीय योजनेत नोंदलेला असेल तर तो चेकआउटलाच घेतला जातो. नसेल तर दारात कुरिअरवाला व्हॅट मागतो, वर स्वतःचं हाताळणी शुल्कही. पौंडातला भाव कितीही गोड दिसला तरी आधी ही एक गोष्ट विचारा. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांचा व्हॅट फक्त ८.१ टक्के आहे, आणि कॉन्स्टान्झसारख्या सीमेवरच्या जर्मन गावांत पार्सल ठेवून घेणाऱ्या सेवा जोरात चालतात.

तपासा: पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानापर्यंत जा, तिथला एकूण आकडा टप्पा २ मधल्या आकड्याशी ताडा. फरक ठरवलेल्यापेक्षा कमी असेल तर टॅब बंद करा.

## टप्पा ६: घाई करायची की थांबायचं

दरवर्षी नवी आवृत्ती येणारे खेळाचे गेम सप्टेंबरच्या आसपास येतात आणि नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला चांगलेच उतरतात. ते पहिल्या दिवशी घेण्यात अर्थ नाही. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम मात्र वर्षानुवर्षं भाव धरून राहतात. ते दहा-पंधरा युरो कमी दिसले तर थांबू नका.

देशागणिक मोसम वेगळे. फ्रान्समध्ये सेलचे काळ कायद्याने ठरलेले आहेत: हिवाळी सेल साधारणपणे जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी आणि उन्हाळी जूनच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतो, प्रत्येकी चार आठवडे. स्पेनमध्ये मुलांना भेटी ६ जानेवारीला मिळतात, त्यामुळे तिथली उतरण त्यानंतर. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास या सणापर्यंत खरेदीची धूम असते.

जर्मनीत मीडियामार्क्ट अधूनमधून ‘व्हॅट भेट’ अशी ऑफर काढतं. ती ऐकून १९ टक्के सूट समजू नका. व्हॅट किमतीच्या आत असतो, म्हणून ६० युरोचा गेम ५०.४२ ला येतो. ती सूट १६ टक्क्यांच्या किंचित खाली भरते. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ या ऑफरमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू फुकट असते. तिन्ही गेम जवळपास एकाच किमतीचे निवडले तरच तिचा खरा फायदा.

## टप्पा ७: विकतंय कोण ते पाहा

मोठ्या दुकानाच्या साइटवर दिसणारी प्रत्येक वस्तू ते दुकान विकत नसतं. अॅमेझॉन, फ्रान्सचं फ्नाक, नेदरलँड्सचं बोल या सगळ्यांवर बाहेरचे विक्रेते असतात. ‘विक्रेता’ आणि ‘पाठवणारा’ या दोन ओळी वाचा. कालपरवा उघडलेलं खातं आणि बाजारभावाच्या निम्मी किंमत एकत्र दिसली तर हात आखडता घ्या.

जुन्या डिस्कसाठी जर्मनीत मेडिमॉप्स आणि रीबाय, काही देशांत सीईएक्स, आणि व्यक्तीकडून व्यक्तीला विक्रीसाठी विंटेड आहे. जर्मन पानावर ‘गेब्राउख्ट’, फ्रेंच पानावर ‘ऑकाझियाँ’, स्पॅनिश पानावर ‘सेगुंदा मानो’ दिसलं की वस्तू वापरलेली आहे. स्वस्त का आहे त्याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं. वापरलेल्या डब्यातले जोड-सामग्रीचे कोड संपलेले असणार, हे धरूनच चाला.

सावधान: खाजगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला १४ दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्क नसतो. साइटचं संरक्षण आहे तेवढंच, आणि ते साइटमधूनच पैसे भरले तरच. ‘थेट बँकेत पाठव, शुल्क वाचेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

## टप्पा ८: ऑर्डर आणि पार्सल

ऑर्डर देताना वस्तूचं पान, एकूण रक्कम आणि वितरणाची तारीख यांचे स्क्रीनशॉट ठेवा. १८ वर्षांवरचे गेम जर्मनीत पोस्टाने देताना वयाची खातरजमा करावी लागते. ओळखपत्र घेऊन स्वतः दारात उभं राहावं लागेल, आणि काही दुकानं असे गेम देशाबाहेर पाठवतच नाहीत.

पार्सल आलं की लगेच प्लास्टिक फाडू नका. आधी डब्यावरचा कन्सोल, आवृत्ती, भाषांची यादी आणि बारकोड टप्पा १ च्या कागदाशी जुळवा. दुकानातून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, पण सीलबंद गेमचं सील तुम्ही तोडलंत की हा हक्क जातो. परतीचं पोस्टेज, दुकानाने स्वतःहून मान्य केलं नसेल तर, तुमचं. डिस्क सदोष निघाली तर गोष्ट वेगळी: त्यासाठी दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे आणि तिथे सील तुटलं हे कारण चालत नाही.

दुकान दाद देत नसेल तर तुमच्या देशातल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे जा. दुसऱ्या सदस्य देशातल्या दुकानाविरुद्धच्या तक्रारी ते मोफत हाताळतात. कार्डाने भरलेले पैसे बँकेकडून परत मागण्याची वाटही असते, तिची मुदत बँकेला विचारून ठेवा.

## पीसीवाल्यांसाठी थोडकं

पीसीचा गेम म्हणजे बहुधा एक कोड, त्यामुळे पोस्टेजचा प्रश्न येत नाही. इझदेअरएनीडील ही साइट अधिकृत दुकानांचे भाव आणि त्यांचा इतिहास एकत्र दाखवते. तिथून सुरुवात करा. गेम्सप्लॅनेटची ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्सची दुकानं एकाच गेमला वेगवेगळे भाव लावतात, तिन्ही पाहा.

कोड कोणत्या देशांत चालू होतो ते पैसे भरण्याआधी वाचा. गेमचे कोड पूर्व युरोपपुरते बांधून ठेवल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला होता. तरीही युरोपबाहेरच्या प्रदेशांचे कोड बाजारात फिरत असतात आणि ते तुमच्या खात्यावर चालू होतीलच असं नाही. कुणीही उठून विक्रेता होऊ शकेल अशा साइटवरून कोड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चोरीच्या कार्डाने घेतलेला कोड प्रकाशकाने रद्द केला तर गेम तुमच्या खात्यातून जातो, आणि तोवर विक्रेता नाव बदलून बसलेला असतो. स्टीमवर थेट घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. बाहेरून घेतलेल्या कोडला ही सोय नाही, तेव्हा गेम तुमच्या संगणकावर चालेल का याबद्दल शंका असेल तर दोन युरो जास्त देऊन स्टीमवरच घ्या.